टीव्हीवर उमटलेल्या अक्षरांसाठी आभार

दादा,

त्या रात्री तुम्ही निघालात तेव्हा मी नुसतं ‘थँक्यू’ म्हणाले. ते फारच अपुरं होतं, म्हणून हे पत्र.

बाबांची नजर अधू झाल्यापासून लॅपटॉपवरचं त्यांना वाचता येत नाही. आईची जुनी पत्रं मी स्कॅन करून ठेवली होती, ती टीव्हीवर मोठी करून त्यांना दाखवायची होती. पण लॅपटॉपवर विंडोज आणि के ही बटणं एकत्र दाबली की नुसतं शोधत राहायचं, टीव्हीचं नाव काही येत नव्हतं. तीन दिवस मी राउटर बंद-चालू करत होते.

तुम्ही राउटरला हातही लावला नाहीत. मिराकास्टमध्ये, म्हणजे लॅपटॉपचा पडदा वायरशिवाय टीव्हीवर दाखवायच्या तंत्रात, लॅपटॉप आणि टीव्ही वाय-फाय डायरेक्टने थेट एकमेकांशी बोलतात, मधे राउटर लागतोच असं नाही, हे तुमच्याकडून कळलं आणि माझी शोधाची दिशाच बदलली. आधी टीव्हीला मिराकास्ट चालतं का ते पाहिलंत, कारण एअरप्ले किंवा गूगल कास्ट ही वेगळी तंत्रं. मग कमांड प्रॉम्प्टच्या, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या काळ्या खिडकीत ‘नेटएसएच डब्ल्यूलॅन शो ड्रायव्हर्स’ ही आज्ञा माझ्याकडूनच टाइप करून घेतलीत. वायरलेस डिस्प्लेसमोर ‘येस’ दिसलं, ग्राफिक्स आणि वाय-फाय दोन्ही ड्रायव्हर ठीक निघाले. म्हणजे लॅपटॉप नवा घ्यायची गरज नव्हती! मी तो घ्यायच्या विचारापर्यंत आले होते.

अडथळा निघाला व्हीपीएनचा, म्हणजे ऑफिसच्या नेटवर्कशी सुरक्षित जोडणीसाठी लॅपटॉपवर लावलेल्या सॉफ्टवेअरचा. तो बंद केला आणि टीव्हीचं नाव झळकलं. तरी जोडणी काही सेकंदांत तुटायची. तेव्हा दोन्हीकडची जुनी नोंद पुसून नव्याने जोडायला लावलंत. चित्र अडखळू लागलं तर लॅपटॉपचं वाय-फाय २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावरून ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर नेलंत. एकाच वाय-फाय रेडिओला राउटरसाठी एक आणि टीव्हीसाठी दुसरं अशा दोन चॅनलांवर आलटून पालटून धावावं लागलं की असं होतं, हे इतकं सोपं करून सांगितलंत की आता मीही दुसऱ्याला सांगू शकेन. पत्रांच्या कडा कापल्या जात होत्या, ते टीव्हीच्या चित्राचा आकार बदलून लगेच सुटलं.

मला सगळ्यात मोलाचं वाटलं ते हे की माऊस शेवटपर्यंत माझ्याच हातात होता. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय झालं ते बघायचं, एवढंच तुमचं म्हणणं. परवा पुन्हा जोडणी झाली नाही, तेव्हा व्हीपीएन मी आपणहून तपासला.

बाबा आता रोज संध्याकाळी एक पत्र वाचतात. आईचा ‘ळ’ काढायचा ढंग त्यांनी काल मला पडद्याजवळ जाऊन बोटाने दाखवला.

तुमची,
खालच्या मजल्यावरची शेजारीण