हुमणीचा नकाशा ऑक्टोबरातच काढा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सध्या गावोगावी ड्रोन फवारणीची प्रात्यक्षिकं चालू आहेत. पाठीवर पंप घेऊन वाढलेल्या उसात जो शिरलाय त्याला याचं अप्रूप वाटणारच. पण औषध मारायला यंत्र उडवायचं आणि कीड कुठं आहे ते मात्र बांधावर उभं राहून अंदाजानं ठरवायचं, हा उलटा कारभार झाला.

वरून कीड दिसते का, असं कुणीही विचारेल. थवा मोठा असला तर दिसते. ऑक्टोबर २०१७ मध्ये अमेरिकेत डेन्व्हरच्या हवामान रडारवर मोठा पट्टा सरकताना दिसला. तज्ज्ञांना आधी पक्षी वाटले, निघाली फुलपाखरं. टोळांच्या बाबतीत तर किडा दिसायचीही वाट बघत नाहीत. वाळवंटात पावसानंतर कुठं हिरवळ फुटली ते उपग्रहातून बघतात, कारण टोळ तिथंच वाढतात.

आमच्या उसातली हुमणी ही अळी जमिनीखाली मुळं कुरतडते, ती कुठल्या उपग्रहाला दिसणार? पण तिनं खाल्लेला ऊस दिसतो. निरोगी पान अवरक्त किरण भरपूर परावर्तित करतं, वाळत चाललेलं कमी. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची चित्रं साधारण दर पाच दिवसांनी आणि फुकट मिळतात. त्यातला एक चौकोन १० बाय १० मीटरचा, म्हणजे आपला जवळपास एक गुंठा. गुंठ्या-गुंठ्याचा हिशेब लागतो, आणखी काय पाहिजे?

अडचण पावसाळ्याची. हुमणी जोरात खाते तेव्हा पन्हाळा-राधानगरीकडं ढग हटत नाहीत. रडारचे उपग्रह ढगातून बघतात, पण पानाचा पिवळेपणा त्यांना कळत नाही. आभाळ उघडतं ऑक्टोबरात, आणि तोवर मुळं गेलेली असतात. म्हणून ‘उपग्रहानं हुमणी वेळेत पकडू’ असं कुणी सांगितलं तर माझा विश्वास बसणार नाही.

तरीही ते उशिराचं चित्र मोलाचं आहे. अळी त्याच रानात कोषात जाते आणि वळीव पडला की भुंगेरे तिथूनच बाहेर पडून संध्याकाळी जवळच्या कडुलिंब-बाभळीवर बसतात. फांद्या हलवून ते गोळा करायचे, खाली रॉकेल मिसळलेलं पाणी ठेवून प्रकाश सापळे लावायचे, हे दिवस थोडेच असतात. सापळा कुठल्या झाडापाशी लावायचा, हे ऑक्टोबरातले पिवळे ठिपके सांगतील. आता तो जागा मिळेल तिथं, नाहीतर फोटोपुरता पंचायतीसमोर लागतो.

पिवळा ठिपका दिसला म्हणजे हुमणीच, असंही नाही. शिरोळकडं पाणी साचून किंवा क्षारानंही ऊस पिवळा पडतो. उसाचं बेट धरून ओढावं. मुळं खाल्लेली असतील तर ते सहज हातात येतं आणि खालच्या मातीत पांढरी, इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली अळी सापडते.

साखर कारखान्यांकडं गट नंबरनिशी ऊस नोंद आहे, रानोरान फिरून ऊस नोंदवणाऱ्या त्यांच्या चिटबॉयला प्रत्येक फड पाठ असतो. विद्यापीठात उपग्रहाची चित्रं वाचणारी पोरं आहेत. कारखान्यांनी हंगाम सुरू व्हायच्या आत ठिपक्यांची गटवार यादी काढावी, चिटबॉयकडून बेटं ओढून खात्री करून घ्यावी आणि एप्रिलपर्यंत ती यादी गावच्या चावडीवर लावावी. खर्च नव्या ड्रोनपेक्षा कमीच येईल.

आपला,
एक ऊस उत्पादक, ता. करवीर, जि. कोल्हापूर