सातही जण निर्दोष म्हणाले तरी तुरुंगच

पुणे, रविवार

चि. ओजस यास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर इतका वैतागला होतास की मला वाटलं मेसचं काहीतरी बिनसलंय. मग कळलं, 'क्रोनो ट्रिगर' या काळात मागे-पुढे फिरायच्या व्हिडिओ गेममधल्या, पुलावरच्या ड्रॅगन टँक नावाच्या शत्रूने तुला चार वेळा लोळवलंय. "लेव्हल कमी पडतेय गं, कुठे जाऊन वाढवू?" असं तुझं म्हणणं. मागून तुझे मित्र ओरडत होते, म्हणून लिहूनच पाठवते.

लेव्हल कमी नाहीये. तू टँकच्या धडावर वार करतोयस आणि त्याचं डोकं त्याला बरं करतंय. आधी डोकं फोड, मग बाकीचं. या गेममध्ये अडलास तर बहुतेक वेळा काहीतरी बघायचं राहिलेलं असतं. पुढे आदिमानवांच्या काळात तलवारीला दाद न देणारे डायनासोर येतील, त्यांच्यावर वीज टाकून बघ. तासन् तास एकाच जंगलात गोल फिरून लेव्हल वाढवणं इथे लागत नाही. शत्रू बरेचदा समोर दिसतात, वाट वाकडी करून टाळताही येतात. 1995 साली हे नवलच होतं. त्या काळी असल्या गेममध्ये दर चार पावलांवर हवेतून कोणीतरी टपकायचं.

सेटिंगमध्ये जाऊन लढाई 'वेट'वर ठेव, म्हणजे तू यादीत शोधत असताना शत्रू थांबतो. 'अ‍ॅक्टिव्ह'मध्ये तू यादीत औषध शोधत बसतोस आणि तेवढ्यात शत्रू दोन फटके मारून मोकळा होतो. 2003 मध्ये हॉस्टेलवर मैत्रिणीच्या संगणकावर, कीबोर्ड बडवत मी हा गेम खेळले, तेव्हा मला हे कळायला आठवडा गेला होता.

आणि वार करायची पाळी आल्याचं दाखवणारी पट्टी भरली रे भरली की वार करायची घाई नको. नायक क्रोनो आणि त्याची मैत्रीण ल्युका, दोघांची भरू दे. त्याचं गरगर फिरणं आणि तिची आग, दोघांना आपापली विद्या आली असेल तर एकत्र वापरता येतात. शत्रू जवळजवळ आले की मग मार, एका फटक्यात तीन जातात. पुढे माणसं वाढतील तेव्हा तिघांनाच धरून बसू नकोस. बाहेर बसलेल्यांना अनुभवाचे गुण थोडे कमी का होईना मिळतात, पण नवी विद्या शिकण्याचे गुण फक्त लढणाऱ्याला.

आता गेममधला तुझा खटला. "मी काय केलं?" असं विचारत होतास. जत्रेत त्या म्हाताऱ्याचा डबा कोणी खाल्ला? जत्रेत भेटलेली ती मुलगी, मार्ल, धडकून पडली तेव्हा आधी तिची विचारपूस केलीस की खाली पडलेलं लॉकेट उचललंस? ती खाऊच्या गोळ्या घेत होती तेव्हा ओढत घेऊन गेलास का? त्या छोटीचं मांजर शोधून दिलंस का? कोर्टात हे सगळं बाहेर येतं. मी तर डबाही खाल्ला होता आणि लॉकेटही आधी उचललं होतं. अर्थात ज्युरीतले सातही जण निर्दोष म्हणाले तरी तुरुंग चुकत नाही, फक्त कोठडीत सहा ईथर (जादूची ताकद भरून देणारं औषध) मिळतात. पण पुढे कुठेही गेलास की दिसेल त्याच्याशी बोल. ड्रॅगन क्वेस्टचे युजी होरी, फायनल फँटसीचे हिरोनोबू साकागुची आणि तुझ्या लाडक्या ड्रॅगन बॉलचे अकिरा तोरियामा, अशा तिघांनी मिळून हा गेम उभा केला. गावातली माणसं त्यांनी नुसती शोभेला ठेवलेली नाहीत.

टँक फुटला की 2300 साली पोचशील. तिथल्या यंत्रात शिरलं की सगळी ताकद परत येते, पोट मात्र रिकामंच राहतं, आणि गेम तसं सांगतोही. (मेसचं खरंच ठीक आहे ना?)

जादू शिकवणारा स्पेक्कियो भेटला की तो दारापासून भिंतीला धरून तीन फेऱ्या मारायला सांगेल, घड्याळाच्या काट्यांसारख्या. प्रदक्षिणाच त्या. आजीला सांग, खूश होईल.

न उघडणाऱ्या काळ्या पेट्या वहीत टिपून ठेव. लॉकेटमध्ये शक्ती आली की उघडतील. 600 सालातल्या पेटीपाशी आतली वस्तू घ्यायची का असं विचारलं तर नाही म्हण. 1000 सालात, म्हणजे क्रोनोच्या स्वतःच्या काळात, तीच पेटी असेल तर तिथली वस्तू आधी घे, जास्त चांगली झालेली असते. मग मागे जाऊन पहिलीही घे. आधी 600 मधली उचललीस तर पुढची रिकामी.

आणि स्वतःची गाणी लावून खेळू नकोस. यासुनोरी मित्सुदाने या संगीतापायी आजारपण ओढवून घेतलं आणि उरलेलं काम नोबुओ उएमात्सूंनी पुरं केलं. 600 सालच्या नकाशावर वाजते ती धून ऐकत मी कितीदा नुसती उभी राहिलेय.

1000 सालात परत आलास की ल्युकाच्या घरी जा. तिची आई भेटेल. तिच्याशी बोल आणि तिचं नाव लक्षात ठेव. का, ते सांगणार नाही. बरंच पुढे, एका रात्री, ते तुला घाईघाईत लागेल. मला वेळेत आठवलं नव्हतं.

तुझी,
आई