काड्या वगळा, वेष्टण जपा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नवे कॅफे किंवा रेस्टॉरंट सुरू करणारे मालक हल्ली छापखान्यात मेन्यूकार्डाबरोबर मॅचबुकाचीही चौकशी करतात. पुठ्ठ्याच्या घडीत कागदी काड्यांचा जुडगा पिन मारून बसवलेले ते चपटे पाकीट. वर हॉटेलचे नाव, मागे घासायची पट्टी. गिऱ्हाईक ते खिशात टाकून घरी नेते आणि पुढे वर्षानुवर्षे ते खणात पडून राहते, म्हणून हॉटेलची आठवण म्हणून त्याला तोड नाही. ही हौस आम्हाला मनापासून पटते. पण काड्यांसकट मॅचबुक गल्ल्यावर ठेवणे आपल्याकडे नियमात बसत नाही, हे फार थोड्या मालकांच्या लक्षात येते.

सार्वजनिक ठिकाणी धूम्रपान बंदीचे नियम २ ऑक्टोबर २००८ पासून लागू आहेत. ॲशट्रे, काडेपेट्या, लायटर असे धूम्रपानाला सोयीचे काहीही त्या जागी पुरवले जाणार नाही, याची जबाबदारी त्यांत मालकावर आणि व्यवस्थापकावर टाकली आहे. काड्यांचा त्यात नाव घेऊन उल्लेख आहे, त्यामुळे ‘आम्ही मेणबत्तीसाठी देतो’ या खुलाशावर विसंबणे धोक्याचे. ३० किंवा अधिक खोल्यांच्या हॉटेलला आणि ३० किंवा अधिक आसनांच्या उपाहारगृहाला वेगळी धूम्रपानाची जागा ठेवता येते. जेवणाच्या टेबलावर काड्या मांडायला ती सवलत लागू होत नाही. शिवाय परगावचा पाहुणा विमानाने परतणार असेल तर आपल्या विमानतळांवर काडेपेटी ना हातातल्या बॅगेत चालते ना सामानात. टपालानेही ज्वालाग्राही वस्तू पाठवता येत नाहीत. म्हणजे कौतुकाने दिलेली भेट सुरक्षा तपासणीच्या डब्यात जाते.

यावर आमचे सांगणे एवढेच की काड्या वगळाव्यात आणि वेष्टण करावे. जपले जाते ते वेष्टणच. जुने संग्राहकसुद्धा पिन काढून काड्या टाकून देतात आणि नुसते वेष्टण सपाट करून ठेवतात.

वेष्टण मात्र नीट जमले पाहिजे, आणि इथेच बहुतेक कामे बिघडतात. २० काड्यांच्या नेहमीच्या मॅचबुकाची रुंदी सुमारे ३८ मिलिमीटर असते. उलगडलेल्या पट्टीचा हिशेब वरून खाली असा धरावा: पुढची झडप ४८, डोक्यावरची पाठ ४, मागची बाजू ५० आणि खालून पुढे वळणारी दुमड १२; एकूण ११४ मिलिमीटर. झडपेचे टोक त्या दुमडीत खोचले जाते. म्हणून झडपेच्या तळाचे जवळजवळ १० मिलिमीटर बंद अवस्थेत दिसतच नाहीत. डिझायनर संगणकावर झडप सुटी पाहतो, पत्ता आणि फोन नेमके त्या तळाच्या पट्टीत बसवतो, आणि हजार प्रती बांधून आल्यावर हॉटेलचा पत्ता दुमडीखाली गेलेला असतो. पत्ता दुमडीवरच छापावा, किंवा झडपेच्या आत. पिनही दुमडीतूनच आरपार जाते आणि मागच्या बाजूला दिसते. तिच्या जागेभोवती चारही बाजूंनी ३ मिलिमीटर मोकळे सोडावेत, नाहीतर बोधचिन्हाच्या मधोमध तार येते.

दुसरे दुखणे घडीचे. २५० ते ३०० जीएसएमचे (दर चौरस मीटरला तेवढे ग्रॅम वजनाचे) कार्ड घ्यावे आणि कागदाचा ग्रेन, म्हणजे त्यातल्या तंतूंची दिशा, घडीला समांतर, म्हणजे ३८ मिलिमीटरच्या दिशेने धावेल असे शीटवर मांडावे. शीटमध्ये दोन नग जास्त बसतात म्हणून छापखाना मांडणी आडवी फिरवतो, मग पाठीवर शाई तडकते आणि काळ्या किंवा गडद लाल सॉलिडमधून, म्हणजे सलग रंगाच्या भागातून, पांढरी रेघ डोकावते. आधी क्रीजिंग करून, म्हणजे घडीच्या रेषेवर दाबाने खाच पाडून, मगच घडी घातली तर हे बरेच टळते. तरीही पाठीवर गडद सॉलिड टाळलेलेच बरे. पाठ ४ मिलिमीटर सांगितली ती आत तेवढा जाड ऐवज असेल असे धरून. आत पातळ काही ठेवायचे तर पाठ तेवढी कमी करावी. सैल पाठीची झडप दुमडीत टिकत नाही, सारखी उघडते.

आत काय ठेवावे? आपल्याकडे याचे उत्तर जेवणानंतरच्या बशीत आहे: बडीशेप. झडपेच्या मापाची लहान सीलबंद पुडी आत बसवावी आणि पिन पुडीच्या सील केलेल्या काठातूनच मारावी, पोटातून मारली तर बडीशेप सादळते. लॉजमध्ये सुई-दोरा आणि दोन बटणे उत्तम. कॅफेला टिपणाच्या चिठ्ठ्यांचा छोटा गठ्ठा शोभतो, तोही काड्यांसारखा उभा कापून फाडता येईल असा.

मागची घासायची पट्टी नुसती छापावी: गडद तपकिरी, साधारण ९ मिलिमीटर उंच. खऱ्या पट्टीत तांबडा स्फुरद आणि काचेची पूड असते. काडीच्या गुलात पोटॅशियम क्लोरेट. कोकणात किंवा गोव्यात पावसाळ्यात तो स्फुरद दमट हवेत हळूहळू फॉस्फोरिक आम्ल होतो, पट्टी चिकट होते, शेजारच्या छपाईवर डाग पडतात. नुसत्या शाईला यातले काही होत नाही.

पट्टी पुढे की मागे, हा प्रश्न दिसतो तेवढा किरकोळ नाही. १८९२ मध्ये पेनसिल्व्हानियातले वकील जोशुआ प्युसी यांनी मॅचबुकाचे पेटंट घेतले, तेव्हा ती आत, गुलांना लागूनच होती. एक काडी ओढली की सगळा जुडगा पेटण्याची भीती. डायमंड मॅच कंपनीने ते हक्क ४,००० डॉलरना विकत घेतले आणि पट्टी बाहेर आणली, पण पुढच्या बाजूला. ‘घासण्यापूर्वी झाकण लावा’ ही सूचना अमेरिकी मॅचबुकांवर छापलेली दिसते ती म्हणूनच. १९७०च्या दशकात तिथल्या सुरक्षा नियमांनी पट्टी मागे नेली. त्यामुळे पुढे पट्टी असलेले अमेरिकी मॅचबुक हाती आले तर ते साधारण त्याआधीचे समजावे.

आपल्याकडच्या हॉटेलांच्या जुन्या काडेपेट्यांचा काळही असाच ओळखता येतो. पत्त्यात ‘मुंबई १’ किंवा ‘पुणे २’ एवढाच विभाग क्रमांक असेल तर मजकूर बहुधा १५ ऑगस्ट १९७२ पूर्वीचा, कारण सहा अंकी पिनकोड त्या दिवशी आला. इंग्रजी पत्त्यात ‘पूना’ असेल तर १९७८च्या आधीचा. पेटी विमकोची असेल तर अंबरनाथचे नाव शोधावे. स्वीडिश कंपनीने १९२३ मध्ये स्थापन केलेल्या विमकोचा कारखाना तिथे होता, म्हणजे काडेपेटीचा हा इतिहास मुंबईच्या उपनगरी रेल्वेच्या वाटेवरच घडला आहे. आपल्या किती वाचकांना हे माहीत असेल!

अशी जुनी वेष्टणे ज्यांच्याकडे आहेत त्यांनी काही गोष्टी पाळाव्यात. पिन ओढून उपटू नये. पातळ पात्याने मागचे दोन्ही पाय सरळ करून पुढून सोडवावी. काड्या पाण्यात भिजवून मग टाकाव्यात, अनेक जुडगे एका डब्यात साठवून ठेवू नयेत. मॅचबुकाचे वेष्टण स्वतः पाण्यात बुडवू नये, पट्टी विरघळून छपाई तपकिरी होते. लाकडी पेटीवरची कागदी लेबले मात्र कोमट पाण्यात १५-२० मिनिटांत सुटतात. पट्टी कापून वेष्टण ‘स्वच्छ’ करण्याची चूक कोणी करू नये, संग्राहकाच्या लेखी तिथेच त्याची किंमत जाते. लॅमिनेशन आणि गोंद दोन्ही वर्ज्य; कागदी कोपऱ्यांत अडकवावे, आणि एकाची पट्टी दुसऱ्याच्या चित्राला टेकू नये म्हणून मध्ये आम्लविरहित कागद घालावा.

जुन्या हॉटेलांच्या, खाणावळींच्या आणि लॉजच्या मालकांना एक विनंती. नूतनीकरणात माळ्यावरचे खोके रद्दीत देण्यापूर्वी त्यात नाव छापलेल्या काडेपेट्या आहेत का, एवढे पाहावे. सापडल्यास पाच-सहा काढून ठेवाव्यात आणि प्रत्येकीच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने अंदाजे साल आणि छापखान्याचे नाव लिहावे. शाईचे पेन वापरू नये, ते पुठ्ठ्यातून आरपार उतरते.

— मुद्रण व्यवसायातील काही वाचक, पुणे