फ्रिज किती टिकणार, तेही छापा

महोदय,
हप्ते फिटतात न फिटतात तोच आमच्या फ्रिजने मान टाकली. मेकॅनिक म्हणाला, 'काकू, गळती फ्रिजच्याच भिंतीतल्या गॅसच्या पाइपला आहे, तो फोममध्ये गाडलेला. नवाच घ्या.' जुन्या फ्रिजची ही पाइपची काळी जाळी मागे उघडी असायची. गळका सांधा दिसे, डाख दिला की काम भागे. '१० वर्षांची वॉरंटी' फक्त कॉम्प्रेसरची, आणि तो बिचारा अजून ठणठणीत! केंद्राने डिसेंबर २०२२मध्ये 'राइट टू रिपेअर' (दुरुस्तीचा हक्क) पोर्टल सुरू केलं खरं, पण दुकानात त्याची दाद ना फिर्याद. वीजबचतीचे तारे सक्तीने चिकटवता, मग सुटे भाग किती वर्षं मिळतील आणि पाइप दुरुस्त होतो का, हेही त्याच लेबलवर छापायला लावा.
– एक गृहिणी, सांगली