मंद्या, तुझ्या फ्लॅटमधल्या भुताबद्दल

प्रिय मंद्या,

तुझी लांबलचक व्हॉइस नोट ऐकली. शेवटी 'तू क्लोज्ड माइंडेड आहेस, तुला सांगून उपयोग नाही' म्हणालास ते जरा लागलं, म्हणून फोन न करता लिहायलाच बसलो. वरून पावलं वाजतात, वहिनींना पहाटे कोणीतरी छातीवर बसल्यासारखं होतं, हात हलत नाही, आवाज फुटत नाही, आणि आधीच्या भाडेकरूंच्या आजी त्याच खोलीत गेल्या. वहिनी खोटं बोलतायत असं मी कधी म्हटलं रे? त्यांना झालं ते झालंच, कशामुळे झालं एवढाच आपला वाद.

छातीवर बसण्याला स्लीप पॅरालिसिस म्हणतात. स्वप्न पडत असताना मेंदू हातपाय लॉक करून ठेवतो, नाहीतर स्वप्नात पळताना आपण खरंच कॉटवरून पडू. कधीकधी जाग आधी येते आणि लॉक मागाहून सुटतं, मग डोळे उघडे, अंग हलत नाही आणि स्वप्नातलं माणूस खोलीत उभं. उताणं झोपलं, झोप अर्धवट झाली की जास्त होतं. वहिनींची नाइट शिफ्ट सुरू झालीय ना हल्ली? पावलांबद्दल मात्र मी येऊन ऐकल्याशिवाय काही बोलणार नाही.

आजींचं एक सांग, त्या तिथे गेल्या हे तुम्हाला आवाज यायच्या आधीच माहीत होतं, की आवाज यायला लागल्यावर वॉचमनने सांगितलं? आधीच माहीत असेल तर कान तेच शोधत बसतात. आपल्या शनिवारवाड्याचंच बघ ना, 1773 मध्ये नारायणरावांचा खून झाला हा इतिहास, पण 'काका मला वाचवा' कधी ऐकू येतं विचारलं की कोणी अमावस्या म्हणतं कोणी पौर्णिमा, आणि ऐकलेलं असतं कायम कुणाच्यातरी मावसभावाच्या मित्राने.

आता तुझा मुद्दा, की सायन्सवाले आधीच हसतात. हसतात, खरंय. आकाशातून दगड पडतात म्हटलं की अठराव्या शतकात युरोपातले भलेभले विद्वान खेडुतांना वेड्यात काढायचे. मग 1803 मध्ये फ्रान्समधल्या लेग्ल गावाजवळ दगडांचा पाऊसच पडला, सरकारने बियो नावाच्या तरुण शास्त्रज्ञाला पाठवलं, तो आसपासच्या गावांतून हिंडला, वेगवेगळ्या थरांतल्या लोकांच्या साक्षी घेतल्या, दगड कुठे कुठे पडले ते बघितलं, आणि खेडूत बरोबर निघाले! ओपन माइंडेड म्हणजे मला हा माणूस वाटतो, नुसतं 'असेलही बाबा' म्हणत पॅरिसमध्ये बसून राहिला असता तर काय कळलं असतं.

आणि आपल्या पुण्यात नारळीकरांनी ज्योतिषाचं हेच केलं. विद्यापीठातले स्टॅटिस्टिक्सवाले आणि अंनिसची मंडळी बरोबर घेतली, 100 हुशार मुलांच्या आणि 100 मतिमंद मुलांच्या पत्रिका जमवल्या, प्रत्येक ज्योतिषाला त्यातल्या 40 दिल्या आणि म्हणाले ओळखा कुठली कोणाची. 40 पैकी 28 बरोबर आल्या तर पास, हे आधीच ठरवलेलं, म्हणजे नंतर कोणालाच पलटी मारायला जागा नाही, नारळीकरांनाही नाही. 27 जणांनी उत्तरं पाठवली, सरासरी 46 टक्के, सगळ्यात भारी ज्योतिषाच्या 24. नाणं उडवून साधारण एवढंच येतं. पण समजा त्यांच्या तीस-पस्तीस आल्या असत्या तर नारळीकरांना ते छापावंच लागलं असतं ना? ही रिस्क घेणाऱ्या माणसाला कसलं क्लोज्ड म्हणतोस?

म्हणून तूही तेच कर. तू आणि वहिनी वेगवेगळ्या वह्या ठेवा, एकमेकांना दाखवायच्या नाहीत, आवाज आला की वेळ लिहायची, आणि ज्या रात्री काहीच झालं नाही ती पण लिहायची (ही कोणी लिहीत नाही, तिथेच सगळी गडबड असते). सोसायटीची पाण्याची मोटर कधी लागते ते वॉचमनला विचारून ठेव. आणि काय झालं तर तू मानशील की भूत नाही, काय झालं तर मी मानेन की काहीतरी आहे, हे आत्ताच लिहून ग्रुपवर टाकू.

काकूंना वास्तुशांत करायची असेल तर खुशाल करा, मी जेवायला येतो. पण तो जो कोणी घरात पाऊल टाकल्या टाकल्या 'इथे बाईमाणसाचा वास आहे' म्हणाला आणि पैसे सांगितले, त्याला वह्या भरेपर्यंत एक रुपया देऊ नकोस. शनिवारी गादी घेऊन येतोय, त्याच खोलीत झोपतो, आणि मला काही ऐकू आलं तर ते पण वहीत लिहिणार, प्रॉमिस.

तुझाच,
अव्या