भाऊजींची यादी

सिंगापूर

ती. ताईस,

सा. न. वि. वि.

फोनवर बोलता आलं असतं, पण तुझा फोन कायम स्पीकरवर आणि भाऊजी कायम शेजारी. म्हणून पत्र. आधी तू एकटीने वाच, मग त्यांना यातलं किती सांगायचं ते ठरव.

भाऊजींनी पाठवलेली यादी मिळाली. सहा बार. त्यातले चार गच्चीवरचे, एक दाराला पाटीच नसलेला, आणि शेवटी रॅफल्स हॉटेल. प्रत्येकापुढे वारसुद्धा घातलाय. माणूस सहा दिवसांसाठी येतोय आणि सहाही संध्याकाळी भरून टाकल्यात. आता यातली गोम तुला सांगायला नको. ते जावई. बिल आलं की ते खिशात हात घालणार, मी त्यांचा हात धरणार, ते 'अरे राहू दे' म्हणणार, मी 'छे, छे' म्हणणार, आणि कार्ड माझंच जाणार. एका संध्याकाळी ते मी आनंदाने करीन. सहा संध्याकाळी केलं तर पुढच्या महिन्याचं घरभाडं भाऊजींकडूनच मागायला लागेल.

इथल्या बारचं मेनूकार्ड वाचायला शिकावं लागतं. पेयापुढे नुसतं '२५' लिहिलेलं असतं आणि पानाच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरात अधिकची दोन चिन्हं. इथले लोक त्याला 'प्लस प्लस' म्हणतात. पहिला प्लस दहा टक्के सर्व्हिस चार्जचा, दुसरा जीएसटीचा. २०२२पर्यंत जीएसटी सात टक्के होता, २०२३मध्ये आठ झाला, २०२४पासून नऊ. आणि हा जीएसटी सर्व्हिस चार्ज धरून जी रक्कम होते तिच्यावर लागतो. म्हणजे २५चे आधी साडेसत्तावीस, मग २९ डॉलर ९८ सेंट. तीस म्हण. रुपयांत गुणू नकोस, मीही पहिल्या सहा महिन्यांनंतर सोडलं. गुणाकार करत बसलं की इथे पाणीसुद्धा घशाखाली उतरत नाही.

पाण्यावरून आठवलं. गेल्या वर्षी ऑफिसातली एक मुलगी नोकरी सोडून चालली होती. तिच्या निरोपाला आम्ही चौघं एका नावाजलेल्या ठिकाणी गेलो. नाव नाही सांगत, ते भाऊजींच्या यादीत आहे. मी जोशात येऊन, बसायच्या आधीच, 'आज माझ्याकडून' म्हणून मोकळा झालो. वेटरने अदबीने विचारलं, साधं पाणी की बुडबुड्यांचं? मी म्हटलं साधं. त्याने काचेची बाटली आणली, फोडली, ओतली. दुसरीही आणली. प्रत्येकी नऊ डॉलर. प्रत्येकाचे दोन ग्लास, पाण्याच्या दोन बाटल्या, आणि एक बशी तळलेल्या बटाट्याच्या काड्या, तीही सोळा डॉलरची. सगळे मिळून २३४. त्यावर प्लस, त्यावर प्लस, २८० डॉलर ५७ सेंट. बिल पुठ्ठ्याच्या सुंदर डबीत घालून आणलं होतं, मंगळसूत्र आणावं तसं. 'आज माझ्याकडून' हे दोन शब्द मला इतके महाग कधी पडले नव्हते.

त्या रात्री झोप येईना. माझं कामच मुळी कॉस्टिंगचं, बंदरात उतरलेल्या मालाची किंमत दारापर्यंत येईतो कशी फुगते ते काढायचं. मग बसलो कागद घेऊन. इथे कुणालाही विचार, दारू महाग का, तर एकच उत्तर येतं: कर. आणि कर आहेच जबरदस्त. २०१४च्या बजेटात सरकारने दारूवरची ड्यूटी एका झटक्यात पंचवीस टक्क्यांनी वाढवली. तेव्हापासून जिन, व्हिस्की, वाइन यांच्यातल्या शुद्ध अल्कोहोलवर लिटरला ८८ डॉलर, बिअरमधल्या अल्कोहोलवर ६०. मेख आहे ती 'शुद्ध' या शब्दात. बाटलीतल्या पाण्यावर ड्यूटी नाही, फक्त अल्कोहोलवर. चाळीस टक्क्यांची जिन, ग्लासात साधारण ४५ मिलिलिटर, म्हणजे शुद्ध अल्कोहोल १८ मिलिलिटर. त्याची ड्यूटी किती? १ डॉलर ५८ सेंट.

मी तीनदा गुणून पाहिलं. तीस डॉलरच्या ग्लासात ड्यूटी दीड डॉलरच्या आसपास! त्यात अडीच डॉलरचा जीएसटी मिळवला तरी सरकारच्या तिजोरीत चार डॉलर. सातशे मिलिलिटरच्या बाटलीत असे पंधरा ग्लास निघतात. ड्यूटीसकट बाटली साठ डॉलरची धरली, तर ग्लासातली जिनही चार डॉलरचीच. लिंबू, सरबत, कडू अर्काचे दोन थेंब, वरची ती सालीची गुंडाळी, उदार होऊन यांचे तीन डॉलर धर. ड्यूटी बाटलीच्या किमतीत आलीच, जीएसटीचे अडीच मिळवले, तरी गाडी दहाच्या पलीकडे जात नाही. उरलेले वीस कुठे गेले? चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला ही म्हण कुणीतरी असल्या बारमध्ये बसूनच रचली असावी.

खरा पुरावा मात्र मला दुसऱ्याच दिवशी त्या बिलात सापडला. आमच्यातला एकजण पीत नाही. त्याने घेतलं होतं ते अननस आणि पुदिन्याचं सरबत, अल्कोहोलचा थेंब नसलेलं. त्यावर दारूची ड्यूटी शून्य, आत जिन शून्य, आणि किंमत माझ्या ग्लासाएवढीच! वेटरने चुकून लावली असेल म्हणून बारच्या वेबसाइटवर मेनू उघडून पाहिला, तर चूक नव्हती. कर हेच कारण असतं, तर सरबत स्वस्त नको होतं? त्या घटकेपासून कराच्या नावाने बोटं मोडायचं मी बंद केलं. ताई, तूही पीत नाहीस, म्हणून तुला मुद्दाम सांगतोय. 'मला काय, मी नुसतं सरबत घेईन' हे तुझं नेहमीचं वाक्य इथे काही वाचवत नाही.

उरलेले वीस जातात कुठे, याचं थोडंफार उत्तर मला एका बारटेंडरकडून मिळालं. हा मुलगा त्या पाटी नसलेल्या बारमध्ये होता. आम्ही आठवड्याच्या मधल्या वारी गेलो होतो, गर्दी नव्हती, त्यामुळे तो बोलता झाला. आधी त्याने मला बर्फ दाखवला. काचेसारखा आरपार दिसणारा ठोकळा, आत एक बुडबुडा नाही. आपल्या फ्रीजमधला बर्फ मधोमध पांढरा का असतो माहितीये? पाणी चारी बाजूंनी गोठत येतं आणि विरघळलेली हवा मध्ये कोंडते. हे लोक पाणी एकाच बाजूने, सावकाश गोठवतात. हवा पुढे ढकलली जाते आणि शेवटी गढूळ उरलेला भाग कापून टाकतात. मग करवतीने चौकोन पाडायचे. असा मोठा तुकडा हळू वितळतो, पेय पाणचट होत नाही. तो ते इतक्या मायेने सांगत होता की मला बर्फाचे पैसे द्यावेसे वाटले. दिलेच होते म्हणा.

बाकीचं त्याने हात हलवून सांगितलं. ही जागा म्हणजे जुन्या चिनी पेढीची दुमजली इमारत, अमॉय स्ट्रीट, कियोंग सायक रोड, अॅन सियांग हिल या भागात अशा रांगाच आहेत. खाली एकेकाळी दुकान, वर बिऱ्हाड. आता तिथे बार, आणि भाडं विचारू नये असं. खुर्च्या तीस. एक माणूस एक ग्लास घेऊन दोन तास बसला, की खुर्चीचं त्या दोन तासांचं भाडं त्या एकाच ग्लासातून निघायला हवं. परदेशी कामगार ठेवायचे तर त्यांच्या संख्येवर मर्यादा आणि प्रत्येक परमिटमागे दरमहा लेव्ही, म्हणजे सरकारला भरायची रक्कम. मी विचारलं, आणि तो दहा टक्के सर्व्हिस चार्ज? तुम्हाला मिळतो ना? तो फक्त हसला. मालकाने तो वाटलाच पाहिजे असा इथे नियम नाही. तो हसला ते मला त्या तीस डॉलरपेक्षा जास्त लागलं. मी निघताना थोडे पैसे ठेवले, तर तो गोंधळला. इथे टीप द्यायची पद्धतच नाही.

तर असं आहे. ते लोक लुटतात असं मी आता म्हणत नाही. मी तिथे दारू विकत घेत नाही, दोन तासांची खुर्ची भाड्याने घेतो, आणि ग्लास ही त्याची पावती. हे कळल्यावर एक गोष्ट सोपी झाली: खुर्ची हवी असेल तेव्हाच तिथे जायचं.

कारण नुसती बिअर हवी असेल तर कोपिटियम आहेच. म्हणजे आमच्या इमारतीखालचं उघडं कॉफीचं दुकान, वर पंखे, प्लास्टिकच्या खुर्च्या, भोवती सात-आठ खाण्याच्या टपऱ्या. ६३३ मिलिलिटरची मोठी बाटली आठ-नऊ डॉलरला, आणि बिअर आणून देणाऱ्या मावश्या. खरंच, सगळे त्यांना बिअर आंटीच म्हणतात. तीच ड्यूटी, तोच जीएसटी, फक्त वरचा मसाला नाही. बिअरमध्ये बर्फाचे खडे घालून पितात, भाऊजींना ते बघवणार नाही. पण गप्पा तिथेच रंगतात. शेजारच्या टेबलावरचे म्हातारे माझ्याशी मलायमध्ये बोलतात, मी हिंदीत उत्तर देतो, आणि सगळ्यांना सगळं कळतं.

तर माझा बेत असा. सहापैकी एक गच्ची, भाऊजींच्या पसंतीची. पण जायचं साडेपाचला. तेव्हा बहुतेक ठिकाणी हॅपी अवर असतो, एकावर एक ग्लास मिळतो किंवा दर उतरलेले असतात. त्यांना वाटेल इतक्या लवकर कशाला, तर सूर्यास्त बघायला म्हणून सांग. खोटंही नाही. विषुववृत्ताजवळ असल्यामुळे इथे बाराही महिने सातच्या आसपासच मावळतो. दोन ग्लास, एक सूर्यास्त, शंभर फोटो, आणि आठच्या आत खाली.

दुसरी संध्याकाळ रॅफल्स. तिथे मात्र मी हौसेने नेणार, तुलासुद्धा. १८८७चं हॉटेल आहे. तिथल्या लाँग बारमध्ये न्गियाम टोंग बून नावाच्या हायनानी चिनी बारटेंडरने १९१५मध्ये सिंगापूर स्लिंग केलं, असं हॉटेलवाले सांगतात. जिन, चेरीचं लिक्युर, अननसाचा रस, लिंबू, आणखी चार गोष्टी, रंग गुलाबी. तेव्हा बायकांनी चारचौघांत दारू पिणं शिष्ट समजलं जात नसे, म्हणून फळांच्या रसासारखं दिसणारं पेय केलं अशी गोष्ट आहे. स्वस्त नाही. पण टेबलावर भुईमुगाच्या शेंगांची पिशवी असते, फुकट, आणि टरफलं सरळ जमिनीवर टाकायची, तशी रीतच आहे. ज्या शहरात रस्त्यावर कागदाचा कपटा टाकला तर दंड होतो, तिथे पायाखाली टरफलं कुरकुरताना जो आनंद होतो, त्याचे पैसे मी बिनतक्रार देतो. शेंगा मात्र मनसोक्त खायच्या. भाऊजींना हे सांगायची गरज नाही.

उरलेल्या चार संध्याकाळी घरी. त्यासाठी भाऊजींचं एक काम. चांगी विमानतळावर सामानाच्या पट्ट्यांजवळच, बाहेर पडायच्या आधी, ड्यूटी-फ्रीचं दुकान आहे. तिथून एक लिटरची बाटली त्यांनी त्यांच्या आवडीची घ्यावी. एवढी चालते. लिटरभर चाळीस टक्क्यांच्या व्हिस्कीवर नुसती ड्यूटी ३५ डॉलर २० सेंट वाचते. शिवाय ती बाटली जावयाने आणलेली, म्हणजे त्यांचाही मान राहिला. इथल्या दुकानात रात्री उशिरा बाटली विकतच नाहीत. २०१५च्या कायद्याने रात्री साडेदहा ते सकाळी सात विक्रीही बंद केली होती आणि बाग-रस्त्यावर बसून पिणंही. विक्रीची वेळ संपली की सुपरमार्केटात बिअरच्या कपाटाला साखळी लागते. तेव्हा ऐनवेळी 'जाऊन घेऊन येऊ' हा प्रकार नाही.

आणि हो, त्यांची ती तंबाखूची पुडी. ती विमानात बसायच्या आधी तुझ्या देखत टाकायला लाव. चघळायची तंबाखू इथे आणायलाच बंदी आहे. याबाबत मी मस्करी करत नाहीये.

यादी कमी केली हे मी सांगितलं तर त्यांना लागेल. सोनारानेच कान टोचावेत, म्हणून तुझ्यावर सोपवतोय. आणि बूट आणायला सांग त्यांना. गच्चीवर चपला घालून आत सोडत नाहीत, आणि ते कुठेही जाताना चपलाच घालतात. पण बूट न्या असं मी म्हटल्याचं सांगू नकोस, नाहीतर ते मुद्दाम चपला घालतील, आणि मग मला इथे त्यांच्यासाठी बूट घ्यावे लागतील.

आई-बाबांना नमस्कार. पिंट्याला आशीर्वाद. तिकिटाची तारीख पक्की झाली की एक मेसेज टाक, विमानतळावर येतो.

तुझा,
बाळू