इताबाईंबद्दल, आणि आईच्या एका नकाराबद्दल

टाल्लिन, ८ डिसेंबर

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

आई, रविवारी फोनवर तू सहज सांगितलंस की मंडळाच्या बायका स्पर्धेच्या नाटकातल्या आत्याबाईसाठी विचारायला आल्या होत्या आणि तू त्यांना चहा पाजून परत पाठवलंस. "आता कसलं नाटक गं, आता खुर्चीत बसून बघायचं वय," म्हणालीस आणि लगेच बाबांच्या गोळ्यांवर गेलीस. ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाहीये. फोनवर मला असलं काही धड बोलता येत नाही, म्हणून हे पत्र. बाबा, तुम्हीच मोठ्याने वाचून दाखवा, आईला चष्मा सापडेपर्यंत ती अर्धं सोडून देईल.

मी इथे एस्टोनियात आले त्याच वर्षीची गोष्ट, ऑगस्ट २०२३ ची. सकाळी ऑफिसला निघाले तर शेजारच्या आजी जिन्यात कठडा धरून उभ्या, डोळे लाल. मला वाटलं, घरातलंच कुणी गेलं. त्या एवढंच म्हणाल्या, "मेये इता." म्हणजे आमची इता. इथल्या नावाजलेल्या नटी इता एव्हर गेल्या होत्या, वयाच्या ९२ व्या वर्षी. त्या कोण हे मला तेव्हा ठाऊकच नव्हतं. संध्याकाळी आजींनी घरी बोलावलं, कॉफी दिली आणि जुना अल्बम काढावा तशी इताबाईंची सगळी हकिगत सांगितली. माझं एस्टोनियन तेव्हा जेमतेम होतं, पण 'थिएटर' हा शब्द इथेही 'तेआतेर'च आहे, आणि बाकीचं आजींच्या हातांवरून कळत होतं.

इताबाईंचा जन्म १ एप्रिल १९३१ चा, पाइदे नावाच्या छोट्याशा गावातला. (संगीतकार आर्वो पॅर्तही तिथलेच. एवढ्याशा गावाच्या पदरात अशी दोन माणसं!) त्या दहा वर्षांच्या होत्या तेव्हा, १९४१ मध्ये, माघार घेणाऱ्या सोव्हिएत फौजेने गावातला किल्ल्याचा जुना बुरूज सुरुंग लावून उडवला. तो पुन्हा उभा राहिला थेट १९९३ मध्ये, देश सोव्हिएत संघातून स्वतंत्र झाल्यावर. मधली बहुतेक वर्षं इताबाईंची नाटकातच गेली. १९५३ मध्ये मॉस्कोच्या नाट्यसंस्थेतून शिकून आल्या आणि इथल्या ड्रामा थिएटरात रुजू झाल्या. त्यानंतर घर म्हणाल तर तेच. जवळजवळ सत्तर वर्षं, एकच नाट्यसंस्था! राज्य बदललं, झेंडा बदलला, नोटा बदलल्या, बाई त्याच रंगमंचावर.

बाबा, तुम्ही विचाराल की नाटकाचं एवढं काय. इथे लोकसंख्या तेरा-चौदा लाख, आणि वर्षाला नाटकाला जाणाऱ्यांचा आकडा दहा लाखांच्या वर जातो. सोव्हिएत काळात बाहेरच्या पुष्कळ व्यवहारात रशियन घुसली होती. नाट्यगृहात मात्र अंधार झाला की अडीच तास आपल्या भाषेत, आपल्या माणसांत. आजी म्हणाल्या, तिकडे आम्ही श्वास घ्यायला जायचो. इताबाईंचा आवाज त्यांना का हवासा वाटतो ते मला त्या दिवशी समजलं.

आता आई, हे तुझ्यासाठी. १९८३ मध्ये मॉस्कोत अ‍ॅगाथा ख्रिस्तीच्या कादंबरीवर सिनेमा निघाला, त्यात मिस मार्पल, म्हणजे ख्रिस्तीच्या गोष्टींतली गुन्हे उकलणारी म्हातारी, झाल्या इताबाई. सिनेमात परदेशी माणूस दाखवायचा की तेव्हा बाल्टिक समुद्राकाठच्या, म्हणजे इकडच्या नटांना बोलावणं यायचं, रस्ते दाखवायला टाल्लिनचं जुनं गाव असायचंच. त्या सिनेमामुळे सोव्हिएत संघात सगळीकडे त्यांना लोक ओळखू लागले. तेव्हा त्यांचं वय बावन्नच्या आसपास, आणि भूमिका म्हातारीची. पुढे त्या खरोखरच म्हाताऱ्या झाल्या, मिस मार्पलच्याही पुढे गेल्या, आणि ऐंशी ओलांडल्यावरही रंगमंचावर उभ्या राहत होत्या.

सगळं सुखाचं होतं असं नाही. नवरा एइनो बास्किन, तोही नावाजलेला नट, १९८० मध्ये त्याने स्वतःची नाट्यसंस्था काढली. दोघांचा संसार टिकला नाही. मुलगा रोमान, तोही नट आणि दिग्दर्शक. तो २०१८ मध्ये गेला. तेव्हा इताबाई ८७ वर्षांच्या होत्या. आजी याविषयी काही बोलल्या नाहीत, नुसता कप बशीवर फिरवत राहिल्या. मीही विचारलं नाही.

गेल्या शनिवारी मी आजींना घेऊन त्याच नाट्यगृहात गेले. १९१० ची इमारत, मुळात जर्मनांच्या नाटकांसाठी बांधलेली. बाहेर बर्फाचा चिखल. आत कोट ठेवायच्या जागी बाकावर ओळीने बायका बसलेल्या, सत्तरीच्या, पंचाहत्तरीच्या, आणि प्रत्येकीने कापडी पिशवीतून दुसरे बूट काढलेले. बर्फाचे बूट पिशवीत आणि चांगले काळे बूट पायात, तेव्हा कुठे आत जायचं. आजींना वाकता येत नव्हतं म्हणून मी त्यांच्या बुटाचा पट्टा लावला. आई, तुझी आठवण झाली. तालमीला निघताना तू कोल्हापुरी चपला पिशवीत टाकायचीस आणि हॉलवर गेल्यावर बदलायचीस, "जमीन पाहिजे पायाखाली, रस्ता नको," म्हणून. मी सात-आठ वर्षांची असेन. विंगेत स्टुलावर बसून तुझी वाक्यं मला तुझ्याआधी पाठ व्हायची.

तुझा गुडघा दुखतो ते मला माहीत आहे. बाबांना एकटं ठेवायला नको वाटतं, तेही कळतं. पण बाबा, तालमीच्या वेळी शेजारचे काका येऊन बसतील, मी त्यांच्याशी बोलले आहे, ते आनंदाने तयार आहेत. तालीम दोन तासांची आणि रिक्षाचे पैसे माझ्याकडून. आत्याबाई पहिल्या अंकात बहुतेक बसूनच आहे, संहिता मी मंडळाकडून फोनवर मागवून वाचली.

त्यांनी ती भूमिका अजून कुणाला दिलेली नाही. गुरुवारपर्यंत थांबणार आहेत. पिशवी माळ्यावरच्या हिरव्या ट्रंकेत आहे, डाव्या बाजूला, तुझ्या जुन्या नाटकांच्या वह्यांखाली.

तुमची,
मनू